गालिचा काढल्यावर जुन्या लाकडी जिन्याचे काय करावे: रंगाआधीची कामे आणि मग रंग

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्याच्या नौपाड्यातले तुमचे एकमजली घर आजोबांनी साठच्या दशकात बांधले. त्यातला चौदा पायऱ्यांचा लाकडी जिना गेली वीसेक वर्षे गालिच्याखाली होता आणि यंदा पावसात गालिच्याला कुबट वास येऊ लागल्यावर तुम्ही तो उचकटून काढलात. खाली मधल्या भागात काळपट लाकूड निघाले, त्यावर वाळलेल्या गोंदाचे तपकिरी थर आणि स्पंजाचा चुरा चिकटलेला आहे. दोन्ही कडांना जुन्या ऑईलपेंटचे जाड पट्टे आहेत, जागोजागी चुका (गालिचा ठोकलेले बारीक खिळे) आणि त्यांच्याभोवती काळे डाग आहेत, दोन पायऱ्यांच्या पुढच्या कडा फुटल्या आहेत आणि तीन-चार पायऱ्या पाय ठेवताच करकरतात. रंगाऱ्याने सांगितले आहे की सगळीकडे लांबी (पुट्टी) ओढून ऑईलपेंटचे दोन हात मारू, दोन दिवसांत काम होईल. गणपती तोंडावर आहेत, घरात पंचाहत्तरीच्या आई आणि नुकतीच चालू लागलेली मुलगी आहे, आणि कोणत्या कंपनीचा कोणता रंग घ्यावा व रंग चालू असताना वर कसे जायचे, हे तुम्ही फोटो पाठवून विचारले आहे.

माझा सुतारकामाचा आणि पॉलिशचा व्यवसाय ठाण्यातच असल्यामुळे अशा जिन्यांशी माझा नेहमी संबंध येतो. तुम्ही विचारलेला प्रश्न या कामातला शेवटचा आहे, आणि त्याचे उत्तर आधीच्या तीन-चार उत्तरांवर अवलंबून आहे. भिंतीवरचा रंग नुसता दिसायचा असतो. पायरीवरच्या रंगावर मात्र रोज टाचा आपटतात, वाळू घासली जाते, ओले पाय पडतात, आणि खालची फळी प्रत्येक पावलाला किंचित वाकते. त्यामुळे फळी पक्की, कोरडी आणि स्वच्छ नसेल तर महागातला महाग रंगही पहिल्या वर्षातच पोपडे धरतो, आणि ती पक्की असेल तर साधा रंगही बरीच वर्षे टिकतो. तेव्हा डबा निवडण्याआधी जिना तपासावा, असे माझे सांगणे आहे.

पहिली तपासणी सगळ्यांत खालच्या पायरीपासून सुरू करा. जुन्या घरांत जिन्याच्या बाजूच्या दोन तिरक्या फळ्या, ज्यांच्या खाचांत पायऱ्या बसवलेल्या असतात, त्या थेट लादीवर टेकवलेल्या असतात, आणि रोजच्या पुसण्याचे पाणी वर्षानुवर्षे त्यांच्या टोकात मुरत राहते. त्यातून गालिच्याने ती ओल झाकून धरली असेल तर वाळवीची सोयच झाली. पेचकसाचे टोक घेऊन त्या फळ्यांच्या बुडाशी, भिंतीकडच्या बाजूला आणि पायरीच्या मागच्या कोपऱ्यांत जरा दाबून टोचून पाहा. निरोगी सागवान टोकाला दाद देत नाही, फक्त बारीक ठिपका उमटतो. वाळवीने पोखरलेल्या ठिकाणी वरचा पापुद्रा शाबूत दिसतो, पण टोक आत सहज शिरते आणि मातीमिश्रित भुगा बाहेर येतो. बोटाच्या पेराने प्रत्येक फळीवर ठोकूनही ऐका. चांगल्या फळीचा आवाज खणखणीत येतो, पोखरलेलीचा बद्द येतो. भिंतीवरून चढलेल्या मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी अजून जिवंत आहे की नाही हे कळण्यासाठी एक नळी मध्येच फोडून ठेवा. दोन-तीन दिवसांत ती पुन्हा बुजली, तर आधी पेस्ट कंट्रोल करून घ्या आणि मगच सुताराला बोलवा. नळी बुजली नाही म्हणजे वाळवी नक्कीच गेली, असे मात्र समजू नका.

सागवानाला वाळवी लागत नाही, असे आपल्याकडे सर्रास म्हणतात. ते गाभ्याच्या लाकडाबाबत बहुतांशी खरे आहे, कारण त्यातली नैसर्गिक द्रव्ये वाळवीला मानवत नाहीत. पण सालीलगतच्या पांढरट भागाला ते संरक्षण नसते, आणि साठच्या दशकातल्या घरांतही पुढून दिसणाऱ्या फळ्या गाभ्याच्या व मागच्या फळ्या पांढऱ्या लाकडाच्या किंवा दुसऱ्याच स्वस्त लाकडाच्या, असे मिश्रण अनेकदा सापडते. पायरीची आडवी फळी सागाची आहे म्हणून उभी फळीही सागाचीच असेल, असे गृहीत धरू नका. रंग द्यायचा की पॉलिश करायचे, हा निर्णयही यावरच ठरणार आहे.

तपासणीत तिरक्या फळ्या गेलेल्या आढळल्या तर माझे पुढचे लिखाण बाजूला ठेवा आणि आधी चांगला सुतार आणा, गरज वाटल्यास स्ट्रक्चरल इंजिनीअरचेही मत घ्या. तिथे रंग हा विषयच नाही. तुमच्या वर्णनावरून तसे वाटत नाही, पण फोटोत दिसत नाही ते टोचल्यावर कळते.

आता करकरणाऱ्या पायऱ्या. करकर म्हणजे दोन लाकडे एकमेकांवर घासली जात आहेत, आणि ती घासतात कारण मूळचे खिळे सैल झाले आहेत. लाकूड दर पावसाळ्यात फुगते आणि दर उन्हाळ्यात आकसते, खिळा मात्र तसाच राहतो, त्यामुळे साठ वर्षांत त्याच्याभोवती पोकळी तयार होते. खाडीकडच्या दमट, खाऱ्या हवेत खिळे गंजतातही. सैल खिळ्यावर पुन्हा हातोडी मारणे हा उपाय नव्हे, तो काही आठवडे गप्प बसतो आणि पुन्हा बोलू लागतो. जिन्याच्या खालची बाजू उघडी असेल किंवा तिथे कपाट असेल तर सगळे काम खालून करता येते, आणि तेच उत्तम. एकाने वर हळूहळू वजन टाकावे, दुसऱ्याने खाली विजेरी घेऊन कोणता सांधा उघडतो-मिटतो ते पाहावे. आडव्या आणि उभ्या फळीच्या आतल्या कोपऱ्यात सागाचा चौकोनी ठोकळा गोंद आणि स्क्रू लावून बसवला की ती पायरी गप्प होते. खाचेत पोकळी दिसली तर पातळ पाचर गोंद लावून हलक्या हाताने ठोकावी. जोरात ठोकल्यास पायरी वर उचलली जाते.

खालून जाता येत नसेल तर वरून स्क्रू घ्यावे लागतात. जुने सागवान ठिसूळ झालेले असते, म्हणून आधी बारीक भोक पाडल्याशिवाय त्यात स्क्रू घालू नये. स्क्रूचे डोके पृष्ठभागाच्या आत जाईल इतपत खड्डा घ्यावा आणि त्यावर त्याच लाकडाची गोल गुल्ली, तिच्या रेषा पायरीच्या रेषांना समांतर ठेवून, गोंदाने बसवावी. स्क्रू पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचेच घ्या. तुमच्या पायऱ्यांवर आज जे काळे डाग दिसत आहेत ते साध्या लोखंडानेच केलेले आहेत.

गोंदाविषयीही एक गोष्ट सांगतो, कारण ती बहुतेक कारागीर पाळत नाहीत. सागात तेलकट द्रव्य असते, आणि ताजा कापलेला किंवा रंधलेला सागही काही तासांत पृष्ठभागावर तेलकटपणा आणतो. जोड लावण्याआधी दोन्ही पृष्ठभाग थिनरने पुसून, ते उडून जाताच फेविकॉलसारखा गोंद लावून दाब द्यावा आणि एक दिवस त्या पायरीवर पाय ठेवू नये. जोड निघून आला अशी तक्रार जिथे जिथे पाहायला मिळते, तिथे बहुधा ही पुसणी झालेली नसते.

फुटलेल्या पुढच्या कडांना लांबी किंवा भुसा-फेविकॉलचे मिश्रण चालणार नाही, कारण जिना उतरताना सगळे वजन नेमके त्या कडेवर येते. तुटलेला भाग पटाशीने सरळ कापून काढावा, तेवढ्याच मापाचा जुन्या सागाचा तुकडा रेषा जुळवून बसवावा आणि तो सुकल्यावर रंध्याने सपाट करून घ्यावा. नव्या सागाचा तुकडा रंगाखाली चालतो, पण पॉलिश करायचे असल्यास त्याचा फिकटपणा लपत नाही. जुन्या इमारती पाडल्यावर निघालेले सागवान मुंबईत रे रोडच्या लाकूडबाजारात मिळते, आणि इतक्या लहान तुकड्यासाठी ठाण्यातल्या कुठल्याही जुन्या सुताराकडे एखादी चौकट किंवा फळी पडलेली असतेच.

आता गालिच्याच्या अवशेषांकडे येऊ. चुका काढताना पक्कड लाकडावर टेकवून जोर दिला की तिथे खोच पडते, म्हणून पकडीखाली पत्र्याचा तुकडा ठेवावा. डोके तुटलेली चूक निघत नसेल तर बारीक पंचाने ती लाकडात खोल दाबावी. वर राहिलेले टोक नंतर पॉलिश पेपर फाडते आणि त्याहून वाईट म्हणजे मुलीच्या पायाला लागते. हे काम झाल्यावर प्रत्येक पायरीवरून जुना नायलॉनचा मोजा हातात घालून हात फिरवा, डोळ्यांना न दिसलेली चूक मोजा पकडते.

तपकिरी थर हा बहुधा रबरी गोंदाचा असावा. पॉलिश पेपरने तो घासू नका, कारण घर्षणाने तो मऊ होऊन कागदात भरतो आणि उरलेला लाकडाच्या रेषांत मुरतो. तारपिनात भिजवलेले फडके त्यावर दहा-पंधरा मिनिटे ठेवा, मग बोथट पत्र्याने रेषांच्या दिशेने खरवडा, आणि शेवटची चिकट झाक स्वच्छ फडक्याने पुसा. तारपिनाला दाद न देणारा थर थिनरने निघतो, पण जिना म्हणजे घरातले धुराडेच असते, खालची वाफ थेट वर चढते. तेव्हा दारे-खिडक्या उघड्या हव्यात, स्वयंपाकघरातला गॅस आणि देवाजवळचा दिवा बंद हवा. भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, मोकळ्या हवेत एकेक पसरून वाळवा. पुढे अळशीचे तेल असलेले पॉलिश वापरलेत तर ही काळजी दुप्पट घ्यावी लागेल, कारण तशा फडक्यांचा ढीग कोणी न पेटवताही आतून तापून पेट घेऊ शकतो.

काळे डाग हे लोखंड, ओल आणि लाकडातले टॅनिन हे तुरट द्रव्य यांच्या संयोगाने झालेले असतात. ते वरवरचे नसल्यामुळे घासून जात नाहीत, घासत राहिलात तर पायरीला खड्डा पडतो. रंगच द्यायचा असेल तर त्यांच्यामागे लागू नका. पॉलिश करायचे असेल तर ऑक्झॅलिक ॲसिडचे कोमट पाण्यातले द्रावण ब्रशने लावून डाग फिकट होईपर्यंत ठेवावे आणि मग स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा पुसून घ्यावे. हे द्रव्य विषारी आहे. हातमोजे आणि चष्मा घालूनच ते काम करावे, मुलगी त्या दिवशी घराबाहेर असावी, आणि नंतर त्या जागी पॉलिश पेपर मारण्यापूर्वी सगळे अवशेष धुतले गेल्याची खात्री करावी, कारण त्याची भुकटी नाकात जाणे घातक आहे.

यानंतरचा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, आणि रंगाऱ्याने त्याचा उल्लेखही केलेला नाही. कडांना जो जुना ऑईलपेंट आहे त्यात शिसे असण्याची बरीच शक्यता आहे. केंद्र सरकारने २०१६ साली नियम करून घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा ९० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ९० भाग, अशी ठरवली आणि हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. तुमचे पट्टे त्याच्या कितीतरी आधीचे आहेत. शिशाचा सर्वाधिक धोका लहान मुलांना आणि गरोदर स्त्रियांना असतो. मूल जमिनीवर रांगते, हात तोंडात घालते, आणि कोरड्या घासणीची बारीक धूळ आठवडाभर घरात फिरत राहते. म्हणून त्या पट्ट्यांवर कोरडा पॉलिश पेपर किंवा सँडिंग मशीन अजिबात चालवू देऊ नका, आणि हीट गनने रंग जाळूनही काढू देऊ नका. काढायचाच असेल तर रंग मऊ करणारे रिमूव्हर लावून ओला खरवडावा, खाली जाड प्लॅस्टिक पसरावे, खरवड ओली असतानाच पिशवीत बांधावी, काम करणाऱ्याने निदान एन-९५ मास्क लावावा आणि शेवटी झाडू न मारता ओल्या फडक्याने सगळे पुसून घ्यावे. साधा व्हॅक्यूम क्लीनरही इथे नको, तो बारीक धूळ मागच्या बाजूने परत हवेत सोडतो.

याला एक पर्याय आहे, आणि तुमच्या घरात लहान मूल असल्यामुळे मी तोच आधी सुचवीन. कडांचा रंग घट्ट बसलेला असेल, नखाने सुटत नसेल, तर तो काढूच नका. फक्त पट्ट्याची आतली जाड धार ओल्या वॉटर पेपरने, सतत पाणी लावत, उतरती करा आणि त्यावर नवा रंग चढवा. मधला भाग सागाचा चांगला निघाला तर तो पॉलिश करून ठेवता येतो आणि कडांना पूर्वीसारखाच रंगाचा पट्टा राहतो. गालिच्याच्या काळात जिना असाच दिसत होता, फक्त आता मध्ये गालिच्याऐवजी साग दिसेल. माझ्या मते अशा जुन्या घरांत तो सर्वांगाने रंगवलेल्या जिन्यापेक्षा अधिक शोभतो, पण ही आवडीची बाब आहे.

रंगाऱ्याच्या प्रस्तावाबद्दल आता स्पष्ट बोलतो. उभ्या फळ्यांना पातळ लांबी ओढायला हरकत नाही, तिथे पायाचे वजन पडत नाही. आडव्या फळ्यांवर मात्र सगळीकडे लांबी ओढणे ही चूक आहे. लांबी म्हणजे शेवटी खडूची भुकटी बांधून ठेवलेला थर असतो, फळी वाकते तसा तो वाकत नाही, आणि चपलेची टाच लागली की नाण्याएवढे टवके उडतात व त्यांच्यासोबत वरचा रंगही जातो. आडव्या फळीवर फक्त चुकांची भोके आणि लहान खोच भराव्यात, त्याही लाकडासाठीच्या फिलरने. दोन फळ्यांमधल्या, ऋतूप्रमाणे उघडणाऱ्या-मिटणाऱ्या फटी तशाच सोडाव्यात. आज पावसात त्या फटी सर्वांत अरुंद दिसत आहेत, त्या भरून टाकल्यात तर मार्च-एप्रिलमध्ये फळ्या आकसतील आणि भरलेला भाग काडीसारखा सुटून बाहेर येईल.

यावरून गणपतीचा प्रश्न आपोआप सुटतो, जरी उत्तर तुम्हाला आवडणार नाही. या दिवसांत ठाण्यातल्या हवेत इतका दमटपणा असतो की उघडे लाकूड ओल धरून बसते. ओलावा मोजण्याचे लहान यंत्र लाकडाला लावले असता १५ टक्क्यांच्या वर आकडा दिसला तर मी त्यावर रंग वा पॉलिश चढवत नाही, आणि पावसाळ्यात तो त्याहून वरच असतो. अडकलेली ओल पुढे कोरड्या हवेत बाहेर पडू पाहते आणि रंगाला फोड येतात. लाखेचे पॉलिश दमट हवेत पांढरे पडते, हेही आपल्याकडे नेहमीचेच आहे. त्यात ऑईलपेंट पावसाळ्यात सुकायला फार वेळ घेतो. आरतीला येणारी पाहुणेमंडळी चिकट पायऱ्यांवरून वर जाणार, आणि पंचाहत्तरीच्या आईंनाही त्याच पायऱ्यांवरून ये-जा करावी लागणार.

म्हणून गणपतीपूर्वी एवढेच करा: चुका आणि गोंद काढा, सैल पायऱ्या खालून पक्क्या करा, फुटलेल्या कडांना जोड लावा, ओल्या फडक्याने जिना पुसून कोरडा ठेवा आणि पाहुण्यांना उघड्या लाकडावरूनच जाऊ द्या. स्वच्छ केलेले उघडे साग वाईट दिसत नाही. वरून चटई किंवा पायपुसणे मात्र टाकू नका, सुटी चटई जिन्यावर घसरते. पॉलिश पेपर मारणे, फिलर आणि रंग ही कामे ऑक्टोबरचे ऊन चांगले पडल्यावर, शक्य असल्यास दिवाळीनंतर, नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या कोरड्या हवेत घ्या. दिवाळीआधी सगळ्यांनाच रंगकाम हवे असते आणि घाई तेव्हाच होते. दिवाळी सरली की चांगला कारागीर वेळ देऊन काम करतो.

हवा कोरडी झाल्यावर रंगाचा क्रम असा ठेवा. उघड्या लाकडावर आधी ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १२०, शेवटी १८०, नेहमी रेषांच्या दिशेने. त्यापुढे जाऊ नका, फार गुळगुळीत झालेल्या लाकडाला रंग नीट पकडत नाही. सागावर थेट रंग मारण्यात आणखी एक अडचण असते. त्यातले तेलकट द्रव्य ऑईलपेंट सुकू देत नाही आणि फिकट रंगातून तपकिरी छटा वर येते, मग पांढरा जिना काही महिन्यांत चहा सांडल्यासारखा दिसू लागतो. थिनरने पुसून चपडा लाखेच्या पातळ पॉलिशचा एक हात दिला की तो डाग अडतो. त्यावर लाकडाचे अस्तर (प्रायमर) आणि मग इनॅमलचे दोन पातळ हात द्यावेत. प्रत्येक हातामध्ये पूर्ण एक रात्र जाऊ द्यावी आणि बारीक पॉलिश पेपर हलका फिरवावा. एका जाड हातापेक्षा दोन पातळ हात केव्हाही चांगले. जाड थर वरून सुकलेला दिसतो आणि आत मऊ राहतो.

साधा ऑईलपेंट उभ्या फळ्यांना आणि कडांना पुरेसा आहे. आडव्या फळ्यांवर मात्र मी तो सुचवत नाही, आणि आडवी फळी सागाची असेल तर तिथे रंगच सुचवत नाही. त्यासाठी दोन भाग मिसळून लावायचे पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश अधिक टिकते. पण ते थेट सागावर, त्याच कंपनीच्या सीलरसह लावावे, चपडा लाखेवर नाही, कारण लाखेतल्या मेणावर पीयू नीट चिकटत नाही. त्यातला हार्डनर, म्हणजे थर कडक करणारा दुसरा भाग, श्वासातून जाणे वाईट असते, म्हणून फवारणी न करता ब्रशने लावायला सांगा, कारागिराने योग्य मास्क घालावा, आणि तो दिवस व पुढची रात्र आई आणि मुलगी यांनी नातेवाइकांकडे काढावी. मेलामाईन पॉलिश पायरीसाठी नको, ते कडक पण ठिसूळ असते आणि टाचेच्या मारावर पांढरे तडे जातात. लाखेचे पॉलिश कठड्यासाठी सुंदर आहे. पायरीवर पाण्याचा एक थेंब राहिला की त्याचे पांढरे वर्तुळ उमटते. आडवी फळी सागाची नसून साध्या लाकडाची निघाली, तर मात्र रंगच बरा, आणि तोही फरशीवर चालण्यासाठी बनवलेला असावा.

चकाकी कोणती घ्यावी, यावर मी ठाम आहे: आडव्या फळीला मॅट किंवा फार तर सॅटिन. ग्लॉसी पायरीवर मोजे घातलेला किंवा पावसातून आलेला ओला पाय सरळ निसटतो. गालिचा गेल्यामुळे आईंच्या पायाखालची पकड आधीच कमी झाली आहे. शेवटच्या हातात घसरणरोधक बारीक भुकटी मिसळून घ्या, आणि प्रत्येक पायरीच्या पुढच्या कडेला दोनेक इंचांचा वेगळ्या छटेचा पट्टा ठेवा. उतरताना पायरी कुठे संपते ते कमी दिसणाऱ्या डोळ्यांना त्यावरूनच कळते.

एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. गालिचा आणि स्पंज मिळून अर्धा इंचाचा थर होता असे धरा. तो सर्व पायऱ्यांवरून गेला, पण खालची लादी आणि वरच्या मजल्याची जमीन होती तिथेच राहिली. त्यामुळे पहिली पायरी अर्धा इंच बुटकी झाली आणि शेवटचे पाऊल अर्धा इंच उंच झाले. वीस वर्षे पायांना झालेली सवय नेमकी या दोन ठिकाणी चुकते, आणि ठेच लागते ती वरच्या टोकालाच. राष्ट्रीय इमारत संहितेत घरगुती जिन्याला पायरीची उंची जास्तीत जास्त १९० मिलिमीटर आणि रुंदी कमीत कमी २५० मिलिमीटर सांगितली आहे. जुने जिने याहून उभे असतात आणि ते रंगाने बदलत नाहीत, पण निदान सगळ्या पायऱ्यांची उंची टेप लावून मोजा. वरच्या टोकाला फरक जास्त निघाला तर तिथे दिवा आणि कठड्याची पकड या दोन गोष्टी आधी करून घ्या.

रंग चालू असताना घरातल्यांनी वर कसे जायचे, हेही तुम्ही विचारले होते. एक सोडून एक पायरी रंगवतात. पण आईंना दोन पायऱ्यांएवढी ढांग टाकायला लावू नये, त्यांचा मुक्काम तेवढे दिवस तळमजल्यावरच ठेवा. इनॅमल दुसऱ्या दिवशी हाताला सुकलेला लागतो, पण पुरता कडक व्हायला आठवडाभर लागतो, तोवर चपला खाली काढूनच वर जावे.

रंगाऱ्याशी बोलताना किंमत पायरीवार ठरवा, जोड आणि स्क्रूचे सुतारकाम वेगळे धरा, आणि आडव्या फळ्यांवर लांबी ओढायची नाही व कडांवर कोरडे घासायचे नाही, या दोन गोष्टी कामाआधीच लिहून घ्या. त्याने नकार दिला तर दुसरा पाहा.

खालच्या पायरीचे मागचे कोपरे टोचल्यावर काय निघाले, आणि जिन्याच्या खालून आत जायला जागा आहे की नाही, हे फोटोसह कळवा. उभ्या फळ्या कोणत्या लाकडाच्या आहेत तेही त्यात दिसू द्या, म्हणजे अस्तर आणि पीयू किती लागेल याचा अंदाज मला सांगता येईल.